कोड : अडचण नाही

नुकुअलोफा, टोंगा
मंगळवार, ९ जुलै २०२४

आत्या,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. तुमच्या घरच्या बैठकीत पाच जणी होत्या असं म्हटलं होतं. चटईवर सहा होत्या. सहाव्या तुम्ही.

मुद्दाम नाही लिहिलं तसं. संमतीच्या कागदावर सही पाच जणींनी केली होती, यादीत पाचच नावं होती, आणि मी यादी बघून पत्र लिहिलं. तुमच्यापुढे कागद धरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी कशाला सही करू? मी काय मुलाखत द्यायला आलेय? मी बसायला आलेय." ते मला आठवत होतं. तरी पाच लिहिलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्याकडे रेंज फक्त चर्चच्या ओट्यावर येते आणि तिथे तुमचा फोन सगळं गाव ऐकतं. म्हणून बोटीने पाठवते.

मी दिवसभर संगणकापुढे बसून करते काय, असं तुम्ही विचारलं होतं. मे महिन्यात आपल्या बेटावर सात बैठका झाल्या. नवरे ऑस्ट्रेलियातल्या मळ्यांवर गेलेल्या बायकांच्या. ते सगळं बोलणं मी रेकॉर्डिंगवरून शब्दन् शब्द टाइप केलं. आता त्यातलं एकेक वाक्य वाचायचं आणि ते कशाबद्दल आहे तसं नाव त्याला द्यायचं. त्या नावाला कोड म्हणतात. कुणी म्हणालं की मुलगा जेवताना बापाची जागा मोकळी ठेवतो, तर त्याला ‘मुलांची ओढ’. मग प्रोग्रामला सांगितलं की ‘मुलांची ओढ’ काढ, तर सातही बैठकांतली तसली वाक्यं तो एकाखाली एक लावून देतो आणि किती झाली तेही सांगतो. ऐकायला सोपं आहे. सहा आठवडे हेच चाललंय आणि आता मला चर्चमधलं प्रवचन ऐकतानाही वाक्यांना नावं सुचतात.

सगळ्यात मोठा कोड निघाला ‘अडचण नाही’. एकशे त्रेचाळीस वाक्यं. इमोजेन म्हणजे मेलबर्नच्या ज्या बाईंच्या हाताखाली मी हे काम करते, आणि ज्यांच्या सहीशिवाय मला पदवी मिळणार नाही, त्यांनीही तेच कागद वेगळे बसून वाचले आणि आपले कोड लावले. प्रोग्रामने दोघींचं ताडून पाहिलं. शंभरात एक्क्याण्णव ठिकाणी जुळलं. त्या म्हणाल्या, "लाइने, एवढं जुळलेलं मी वीस वर्षांत पाहिलं नाही." त्या आनंदात मी तुम्हाला पत्र लिहिलं. तेच ते चुकलेलं पत्र.

शुक्रवारी एक शब्द नीट ऐकू आला नव्हता म्हणून तुमच्या घरची बैठक परत लावली. मी विचारते, "नवरा नसताना घर चालवायला अडचण येते का?" मग तुमचा आवाज येतो, "अडचण कसली? आमच्या पोरांनी घराला कधी काही कमी पडू दिलं नाही. काही अडचण नाही. हो ना गं?" मग सेइनी वहिनी म्हणते, "हो. काही अडचण नाही." मग बाकीच्या चौघी तेच म्हणतात, एकीमागून एक.

माझ्या टाइप केलेल्या कागदावर तुम्ही नाही. ज्याची सही नाही त्याचे शब्द ठेवायचे नाहीत असा नियम आहे, आणि मी तो इतका काटेकोर पाळला की तुमची सगळी वाक्यं काढून टाकली. जागाही मोकळी सोडली नाही. त्यामुळे आता माझा प्रश्न आहे, आणि लगेच खाली सेइनी वहिनीचं उत्तर. जणू तिने आपणहून दिलं. सहा बैठकांना तुम्ही माझ्यासोबत होता. सहाही बैठकांत असंच झालंय. दोनशे चौदा वाक्यं गाळलीत मी तुमची. इमोजेनना ती कधी दिसलीच नाहीत, म्हणून जुळलं एवढं.

सातव्या बैठकीत ‘अडचण नाही’ एकदाच आलंय. तुम्ही पलीकडच्या बेटावर मयताला गेला होता, त्या दिवसाची ती बैठक. माझे प्रश्न घेऊन नर्स फिफिताने ती चालवली होती. तिथे कोडच वेगळे लागलेत : ‘आजारपण लपवलं’, ‘मूल बापाला ओळखत नाही’, ‘परत जाऊ नये’. कोण काय म्हणालं ते मी तुम्हालाही लिहू शकत नाही.

अहवाल पंधरा ऑगस्टला जायचा आहे. माणसं सात महिन्यांऐवजी सलग अकरा महिने मळ्यावर ठेवावीत का, ते त्यावरून ठरणार आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय, घरी काही अडचण नसल्याचं बायका स्वतःहून सांगतात.

लहानपणी सारख्या येणाऱ्या तापामुळे मला शाळेत पाठवत नव्हते, तेव्हा चार वर्षं तुम्हीच मला शिकवलंत. चुकलं की आधी सांगायचं, मग रडायचं, असं म्हणायचात. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.

तुमची
कालोलाइने


वावाऊ
बुधवार, १७ जुलै

लाइने,

पत्र बोटीत ओलं झालं होतं, पण दुर्दैवाने वाचता आलं.

म्हणजे मी तुझ्या संगणकात नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, अंगाने तुझ्या दुप्पट, चटईच्या मधोमध बसलेली, आणि तू मला पुसून टाकलंस. तुझ्या बापालाही हे कधी जमलं नाही आणि त्याने लहानपणापासून प्रयत्न केला.

सही हवी होती तर सरळ सांगायचं. सोबत कागद जोडलाय. सही केली आहे आणि तारीख मेमधली घातली आहे, म्हणजे तुला त्रास नको. आता माझी वाक्यं परत घाल. दोनशे चौदाही घाल. मी काही चोरून बोलले नाही.

आणि खोटं तरी काय बोलले? भावांच्या पोरांच्या घरात मी बसायचं नाही तर कुणी बसायचं? आपल्या घरातली कुरकुर परक्यांच्या यंत्रात कशाला भरायची? तुझं म्हणणं असं दिसतंय की मी होते म्हणून सुनांनी तोंड उघडलं नाही. मी त्यांच्यासाठी पातेलंभर लू नेली होती, तारोच्या पानात मटण आणि नारळाचं दूध. पातेलं पुसून परत आलं. तोंड न उघडताच संपलं का ते?

तुझा तो जुळण्याचा आकडा मी पाद्रीबाबांच्या बायकोला सांगितला. ती म्हणाली, दोन आंधळ्यांनी एकच हत्ती… मी म्हटलं, हत्ती तू कधी पाहिलास? ते राहू दे. 

इकडचं बरं आहे. सुरण चांगला आलाय. तुझी वहिनी सेइनी पोरांना घेऊन आईकडे गेली आहे, नेयाफूला. चटई विणायला, असं सांगून गेली. चार आठवडे झाले. एवढी मोठी चटई कुणाच्या लग्नाची आहे ते विचारायला हवं. तुझ्या भावाला, सामिउला, मळ्यावर मी काही कळवलं नाही, उगाच त्याचा जीव खाली-वर व्हायचा.

जेवत जा. डोळ्यांना खोबरेल लाव.

तेलेसिया आत्या


नुकुअलोफा
मंगळवार, २३ जुलै

आत्या,

तुमचा कागद परत पाठवते आहे. रागावू नका. जुलैमध्ये केलेल्या सहीवर मेची तारीख चालत नाही. खरी तारीख घातली तरी मागचं बोलणं त्यात धरता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी केलंत हे कळतं मला, म्हणून जास्त वाईट वाटलं.

पण नियम परत काढून वाचला. तुमचे शब्द ठेवायचे नाहीत एवढंच त्यात आहे. तुम्ही बोललात हे लपवा असं कुठे म्हटलेलं नाही. ते मी माझ्या मनाने केलं, जास्त शहाणी म्हणून. आता प्रत्येक जागी लिहिलंय, ‘इथे सही न केलेली व्यक्ती बोलते.’ दोनशे चौदा वेळा. मग सगळे कोड काढून पहिल्यापासून लावले. दुसऱ्या कुणी आधी उत्तर दिलं असेल तर मागून आलेल्या होकाराला ‘अडचण नाही’ लावायचं नाही, वेगळं नाव द्यायचं, असं ठरवलं. एकशे त्रेचाळीसचे एकोणीस झाले. हे मी रविवारी केलं, आपल्याकडे कुणी काम करायचं नसतं त्या दिवशी. चर्चहून आल्यावर खिडक्या लावून घेतल्या, टाइप करताना शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तेही तुम्हाला सांगते.

इमोजेनना फोन केला. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाइने, प्रत्येक अभ्यासात काहीतरी राहतं. शेवटच्या पानावर एक परिच्छेद घालू."

मी म्हटलं, "शेवटचं पान कोण वाचतं?"

"कुणी नाही. म्हणून तर तिथे घालतात." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, मी दमलेय, तू दमलीयस. तारीख दोनदा पुढे ढकलली आहे. तिसऱ्यांदा मागितली तर ते आपल्याशिवायच ठरवतील. आणि या बैठका बाजूला काढल्यास तर तुझ्या प्रबंधात उरतं काय?"

एक बैठक उरते. एका बैठकीवर पदवी मिळत नाही.

आता जे लिहायचंय त्यासाठी तीन दिवस थांबले. मला गावात परत यायचं आहे. त्याच बायकांसोबत परत बसायचं आहे, एक दिवस. आणि तुम्ही तिथे नसावं. आपल्यात आत्याला असं कुणी म्हणत नाही, भावाची लेक तर नाहीच. बाबांना कळलं तर ते मला तुमच्या दारात बसवून माफी मागायला लावतील. पण सातवी बैठक तुमच्याशिवाय झाली आणि तिथे बायका बोलल्या. मी दहा वेळा तपासलं. फरक तेवढाच आहे.

सामिउशी मी या विषयावर बोलू शकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. भाऊ आहे, आणि आपल्यात बहीण-भाऊ असलं काही बोलत नाहीत. त्याच्या घरचं मी त्याला कसं विचारणार? म्हणून जे काही आहे ते तुमच्या हातात आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर मी येणार नाही.

तुमची
लाइने

ता.क. सेइनी वहिनी परत आली का?


वावाऊ
शनिवार, ३ ऑगस्ट

लाइने,

परवाच्या बोटीने पत्र पाठवलं नाही. मागच्या आठवड्यातही नाही. रागावले होते ते खरं, पण तेवढ्यासाठी नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. गावाला वाटलं मी आजारी आहे. लोक पपया घेऊन आले. मग मी कमरेला टा’ओवाला, मानाची चटई, बांधली, चांगला पोशाख केला आणि नेयाफूला सेइनीच्या आईच्या घरी गेले. म्हटलं सुनेला घेऊन येते आणि तिच्याच तोंडून तुला लिहून पाठवते की आत्यासमोर मी काही लपवलं नाही.

चटई-बिटई काही नव्हती. सेइनी आतल्या खोलीत होती, माझा आवाज ऐकून उठून बसली, केस बांधले, मला चहा करायला निघाली. भिंत धरून चालत होती. मी विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "बरी आहे आत्या. काही नाही." मला तुझा तो कोड आठवला.

तिची आई मला फाटकापर्यंत पोचवायला आली. गरीब बाई आहे, माझ्यासमोर नजर वर करत नाही. म्हणाली, "मे महिन्यात तिचं पोटातलं गेलं. चौथा महिना होता. नंतर रक्त थांबेना. नर्सला तेवढं सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं? मी काय परकी?"

ती म्हणाली, "तुमच्यासमोर ती आजारी कशी पडेल?"

एवढंच म्हणाली. वाईट हेतूने नाही. जेवण झालं का विचारावं तसं म्हणाली.

मेमध्ये, पोरी. मी दिवस मोजले. आपली बैठक त्यानंतर नवव्या दिवशी. ती माझ्या डाव्या हाताला बसली होती आणि मी तिच्या गुडघ्यावर थाप मारून म्हटलं, हो ना गं.

आता तुझं. तू लिहितेस की फरक तेवढाच आहे. मी तुला बेरीज शिकवली, पण तू मोजताना स्वतःला सोडून मोजतेस, ते मी कधी शिकवलं नाही. मयताला मी गेले त्या दिवशी माझी चटई कुणी उचलली होती? बोटीत माझ्या शेजारी बसून कुणाला उलटी झाली? तू सोबत होतीस. सातव्या बैठकीत मी नव्हते आणि तूही नव्हतीस. फिफिता लांबच्या बेटाची, इथे ती कुणाची बहीण नाही, कुणाची आत्या नाही. मी म्हातारी आहे, मी उद्या मरेन. तू सामिउची बहीण आहेस. तुझ्या चुलतभावांचीही बहीणच. त्या सगळ्यांची तू नणंद आहेस आणि जन्मभर राहणार आहेस. तुझ्या हातात तर यंत्रही होतं. मी उठून गेले असते तरी तुझ्यासमोर कोण बोललं असतं?

चटईवर सहा नव्हत्या. सात होत्या.

म्हणून तू यायचं नाहीस. मी तुझ्यावर सूड घेत नाहीये, थोडासा घेतेय.

मी काय करणार ते ऐक. शुक्रवारी सोळा तारखेला पलीकडच्या बेटावर बायकांच्या गायनाचा मेळावा आहे. गावातल्या आणि शेजारच्या दोन्ही गावांतल्या जेवढ्या बहिणी, आत्या, नणंदा आहेत, त्या सगळ्यांना मी बोटीत घालून नेणार आहे. अर्ध्यांना गाता येत नाही. त्यांना मी सांगितलंय की मागे उभं राहून तोंड हलवा. संध्याकाळपर्यंत आम्ही परतणार नाही. मागे गावात सुना आणि फिफिता. तिला मी विचारलंय, ती तयार आहे. सुनांना मी काही सांगितलेलं नाही. फिफिताच विचारेल, आणि ज्या नाही म्हणतील त्यांनी घरी बसावं. सेइनी येईल की नाही माहीत नाही. तिला मी डॉक्टरकडे नेलं. औषध चालू आहे.

अकरा महिने म्हणे. सात महिन्यांच्या मुदतीतच हे झालं.

तुझ्या बाई पंधरालाच कागद देणार असतील तर माझा मेळावा फुकट. ते तू बघ.

आत्या


नुकुअलोफा
गुरुवार, ८ ऑगस्ट

आत्या,

पत्र आज सकाळी मिळालं. बोट आज दुपारीच परत निघते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

वहिनीचं वाचल्यावर मी तिच्या नावापुढचे कोड उघडून बघितले. कागदावर तिचं नाव नाही, नंबर आहे, पण मला माहीत आहे ना. पहिल्या वेळी मी तिच्या बोलण्याला अकरा ठिकाणी ‘अडचण नाही’ लावलं होतं. दुसऱ्या वेळी, तुमच्यामागून आलेले होकार वगळूनही, दोन उरले होते. ते दोन माझ्या थेट प्रश्नाला दिलेले होते. तुम्ही तेव्हा पाणी प्यायला आत गेला होता. मला वाटलं होतं, हे दोन तरी खरे आहेत. आणि एकोणीसमधले बाकीचेही तसलेच आहेत. सातव्या बैठकीतला एक सोडला तर सगळे मला सांगितलेले.

तुम्ही बरोबर आहात. प्रोग्राममध्ये प्रत्येक बैठकीला माहिती भरायची सोय असते, कुठे झाली, किती जणी, कोण हजर. तिथे मी तुमचा रकाना केला, तुम्ही होता की नव्हता ते भरलं, आणि सहा बैठकांपुढे खूण केली. माझा रकाना केलाच नाही. आज केला. तो अगदी तुमच्या रकान्यासारखाच भरला, एक खूणही वेगळी नाही. आता यातलं किती तुमच्यामुळे आणि किती माझ्यामुळे हे कधीच कळणार नाही. मी मात्र तुम्हाला तीन पानं लिहून सगळं तुमच्यावर घातलं.

वहिनीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी कुठेही घालणार नाही. ते मला तिने सांगितलेलं नाही. मला ते माहीत आहे हेही तिला कळू देऊ नका. तिला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ती फिफिताला सांगेल, किंवा नाही सांगणार.

सोळा तारखेचं बोलणं मी ऐकणार नाही. टाइपही मी करणार नाही, कोडही मी लावणार नाही. इथे ऑफिसात नीऊ बेटाची एक मुलगी आहे. तिला आपली भाषा चांगली येते आणि आपल्या गावात तिचं कुणी नाही. तिला विचारलं. ती म्हणाली, "तू अडीच महिने राबलीस आणि आता मला देतेस? डोकं फिरलंय का तुझं?" मग म्हणाली, करते. माझा प्रबंध यंदा होणार नाही. कदाचित दुसऱ्या विषयावर होईल. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर ते कमी ओरडतील.

सहा बैठका अहवालातून पूर्ण काढायच्या, शेवटच्या पानावरच्या परिच्छेदाने भागणार नाही, आणि पंधराला काहीही द्यायचं नाही, असं पत्र मी इमोजेनच्या नावाने लिहून ठेवलंय. सहाही बैठका मी घेतल्या आणि मी तिथे कोण होते ते त्यात लिहिलंय. त्यांनी ऐकलं नाही तर पहिल्या पानावरचं ते वाक्य खोटं आहे असं मी अहवाल मागवणाऱ्या ऑफिसला माझ्या नावाने कळवणार आहे. हे मी इमोजेनना आधी सांगेन, पाठीमागून करणार नाही. मला भीती वाटते आहे. फोनवर सांगितलं तर त्या दमलेल्या आवाजात काहीतरी बोलतील आणि मी हो म्हणून बसेन, मला माहीत आहे. अहवालावर शेवटची सही करायला त्या स्वतः इथे येत आहेत, त्यांचं विमान सकाळी उतरतं आणि नऊ वाजता त्या आमच्या ऑफिसात असतील. पत्र मी त्यांच्या हातात देणार आहे, सोमवारी, बारा ऑगस्टला.

लाइने